मिसळीचं सॅम्पल आणि त्यात घुसलेला 'प'

मागच्या महिन्यात भाचीला घेऊन मिसळ खायला गेलो होतो. ती इंग्रजी घेऊन एमए करतीये, चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर सध्या तिच्या मानगुटीवर बसलाय आणि त्यात तिला जबरी सर्दी झालेली. सर्दीला झणझणीत मिसळ हे आमचं घरगुती औषध, सिद्धबिद्ध काही झालेलं नाही पण नाक वाहतं एवढं खरं. पहिला पाव संपायच्या आत मी आवाज दिला, "सॅम्पल आण रे अजून," तशी ती एकदम म्हणाली, "बाबा, सॅम्पलवरून आठवलं, लायब्ररीतल्या पुस्तकांत काय प्रिंटिंग मिस्टेका असतात रे!"

आता मी तिचा बाबा नाही, मामा आहे. पण नाक चोंदलं की 'मामा'चा 'बाबा' होतो. हे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर मिस्टेक काय होती, पुस्तकात 'एक्झाम्पल'च्या जागी 'एन्सॅम्पल' छापलेलं होतं आणि ते सुद्धा पाच-सहा ठिकाणी. बाईसाहेबांनी पेन्सिल घेऊन एका ठिकाणी दुरुस्तपण करून टाकलं होतं. मी म्हणलं, अगं ती चूक नाही, तेव्हाच्या इंग्रजीत उदाहरणाला 'एन्सॅम्पल'च म्हणायचे, तेराव्या शतकापासून पुढे तीनशेच्या वर वर्षं हा शब्द जोरात चालला. आणि आत्ता पोरगा वाटीतून जे घेऊन येतोय ना, ते त्याच शब्दाचं मुंडकं उडवलेलं धड आहे.

(पुण्याबाहेरच्यांसाठी: मिसळीबरोबर वरून जो पातळ जाळ रस्सा मिळतो त्याला आमच्याकडे 'सॅम्पल' म्हणतात. कोल्हापुरात कट, नागपूरकडे तर्री. त्यावरून भांडायचं असेल तर नंतर भांडू.)

या शब्दाचं मूळ लॅटिन, 'एक्झेम्प्लुम'. त्याचे दोन तुकडे, 'एक्स' म्हणजे बाहेर आणि 'एमेरे' म्हणजे घेणे. ढिगातून बाहेर काढून घेतलेली एक वस्तू म्हणजे एक्झेम्प्लुम. हेच 'एमेरे' पुढे लॅटिनमध्ये 'विकत घेणे' या अर्थाने चालायला लागलं, वकिलांच्या तोंडी असतं ते 'कॅव्हिएट एम्प्टॉर', म्हणजे गिऱ्हाइका सांभाळ, त्यातला एम्प्टॉर हाच.

आता आपला शब्द बघा. उदाहरण. उद् + आ + हरण. उद् म्हणजे वर, बाहेर. हरण म्हणजे नेणं, घेणं, सीताहरणातलं हरण. म्हणजे ढिगातून वर काढून पुढे आणलेलं ते उदाहरण! लॅटिन माणसाने आणि संस्कृत माणसाने एकच हालचाल बघितली, पोत्यात हात घालून मूठभर बाहेर काढायची, आणि दोघांनी तिचाच शब्द केला. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी बसमध्ये होतो आणि माझा स्टॉप गेला.

पण थांबा, इथे एक पथ्य पाळायला लागतं. हे वाचून लगेच कोणीतरी मेसेज टाईप करायला घेईल की बघा, एक्झाम्पल हा शब्द आपल्या उदाहरणावरूनच चोरला, सगळ्या भाषा संस्कृतातून निघाल्या, पुढे दहा जणांना पाठवा. नाही हो. एकही तुकडा एकमेकांशी जुळत नाही, 'एमेरे' वेगळा धातू, 'हृ' वेगळा. कल्पना सारखी आहे, शब्द नाही. आणि शब्द दिसायला सारखे असले तरी नातं असतंच असं नाही. बदनाम, बदसूरत यातला फारसी 'बद' घ्या आणि इंग्रजीतला 'बॅड' घ्या. उच्चार जवळजवळ एक, अर्थ एक, आणि नातं शून्य, निव्वळ योगायोग. उलट तुमच्या खिशातला अँड्रॉइड घ्या, त्यातला 'अँड्र' म्हणजे ग्रीकमधला पुरुष, आणि तो आपल्या 'नर'चा खराखुरा चुलतभाऊ आहे. दिसतो का? अजिबात नाही. तो कसा ते सांगतोच, कारण तोच तर आजचा मुख्य किस्सा आहे.

'एक्झेम्प्लुम' आता परत बघा. एक्स + एम् + लुम असं जोडलं तर यायला पाहिजे 'एक्झेम्लुम'. मग मधे 'प' कुठून आला? धातूत नाही, उपसर्गात नाही, प्रत्ययात नाही. कोणी घातला नाही. फुकट घुसलेला, बिनतिकिटाचा प्रवासी आहे तो, आणि गेली दोन हजार वर्षं एक्झाम्पल, सॅम्पल, सॅम्पल पेपर असं सगळीकडे ऐटीत बसून आहे.

हा 'प' समजायला तोंडात काय चालतं ते बघायला लागेल. शाळेत ओष्ठ्य, दंत्य, अनुनासिक शिकलो तेवढं पुरे आहे. 'म' म्हणताना तीन गोष्टी होतात. एक, दोन्ही ओठ मिटलेले. दोन, गळ्यातले स्वरतंतू थरथरतायत, गळ्याला बोट लावून बघा. तीन, आणि ही दिसत नाही, टाळूचा मागचा मऊ भाग, जिथून पडजीभ लोंबते तो पडदा, तो खाली आलेला असतो. पडदा खाली म्हणजे नाकाचा रस्ता मोकळा, तोंड बंद असल्यामुळे हवा नाकातून बाहेर जाते. आता 'ब' म्हणा. ओठ मिटलेले, तंतू थरथरतायत, दोन्ही गोष्टी तशाच. फरक एवढाच की पडदा वर जाऊन चिकटतो, नाकाचा रस्ता बंद, हवा तोंडात कोंडते आणि ओठ उघडले की फट्कन सुटते. म्हणजे म आणि ब यांच्यात फक्त एका पडद्याचं अंतर आहे!

खात्री करायचीये? नाक चिमटीत घट्ट धरा आणि 'मामा' म्हणा. पडदा कुठेही असो, नाकाचं बाहेरचं दार तुम्ही बंद केलंय, त्यामुळे हवा तोंडात कोंडणारच, आणि 'मामा' म्हणायला जाल तर ऐकू येईल 'बाबा'च्या जवळचं काहीतरी. सर्दीत हेच होतं. भाचीने नातं बदललं नव्हतं.

आता 'म'च्या मागोमाग 'ल' म्हणायचाय. 'ल'साठी काय लागतं, ओठ उघडे, जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकलेलं, हवा जिभेच्या कडांनी बाहेर, आणि पडदा वर. म्हणजे म वरून ल वर जाताना दोन मोठी कामं एकदम करायची आहेत, ओठ उघडायचे आणि पडदा वर करायचा. एकदम म्हणजे अगदी एकाच क्षणी. बोलताना एक 'म' साधारण ५० ते १०० मिलिसेकंदांत उरकतो, ओठ चपळ आहेत, पडदा त्या मानाने जड गडी. तेवढ्यात दोघांचं टायमिंग तंतोतंत जुळायला हवं, आणि ते दरवेळी कसं जुळणार.

समजा ओठ आधी उघडले आणि पडदा मागे राहिला, तर 'ल'ची सुरुवात जराशी नाकात होईल, कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण समजा पडदा आधी वर गेला, वेळेआधी, आणि ओठ अजून मिटलेलेच आहेत. त्या निमिषात काय स्थिती आहे? ओठ बंद, नाक बंद, हवा कोंडलेली. ही कुठल्या वर्णाची स्थिती? 'ब'ची! बोलणाऱ्याला ब म्हणायचाच नव्हता, त्याने फक्त दोन हालचालींचा क्रम सेकंदाच्या शंभराव्या भागाने चुकवला, आणि म-ल च्या फटीत एक ब जन्माला आला. ओठ सुटताना जो बारीकसा फट् आवाज होतो तो ऐकणाऱ्याच्या कानात जातो. मोठी माणसं शब्द आधीच ओळखत असतात म्हणून तिकडे दुर्लक्ष करतात, पण नुकतं बोलायला शिकणारं पोर काय करणार, त्याला वाटतं शब्दच असा आहे, आणि ते मुद्दाम ब म्हणायला लागतं. बर्कलीचे भाषाशास्त्रज्ञ जॉन ओहाला यांचा सगळा भर याच्यावर होता, की उच्चार बदलतात ते बोलणाऱ्याच्या आळसामुळे असं नुसतं म्हणू नका, ऐकणाराही त्यात सामील असतो. हल्ली तर नाकाची आणि तोंडाची हवा वेगवेगळी मोजणारे मुखवटे आहेत, बोलताना पडदा हलतो त्याचा एमआरआय सुद्धा काढता येतो, सगळा प्रकार डोळ्यांनी दिसतो.

ब की प, ते स्वरतंतूंवर ठरतं. पुढचा वर्ण त, स, थ असा कठोर असला तर तंतू पण आधीच थरथरायचे थांबतात, मग तिथे ब च्या ऐवजी प निघतो. जुन्या इंग्रजीत रिकाम्याला 'एम्तिग' म्हणायचे, आज 'एम्प्टी', तो प असाच आला. थॉम्सन नावाचे काही लोक थॉम्प्सन लिहितात, टॉमच्या मुलाच्या नावात प असायचं काय कारण आहे? हॅम्स्टर पटकन म्हणा, हॅम्प्स्टर होतो की नाही. लॅटिनमध्ये वरचा 'एम्प्टॉर' तसाच. आणि एक्झेम्प्लुममध्ये लॅटिनवाल्यांनी ल च्या आधीसुद्धा प च पक्का केला. फ्रेंचांनी मात्र अशा जागी सढळ हाताने ब घातले. लॅटिन 'नुमेरुस'चं फ्रेंचमध्ये 'नोंब्र' झालं आणि तिथून आला आपला रोजचा नंबर, त्यातला ब आगंतुक आहे. लॅटिन 'कॅमेरा' म्हणजे खोली, तो शब्द फ्रेंच वाटेने आला तर चेंबर, पोर्तुगीज वाटेने आला तर कमरा, आणि फोटोच्या दुकानात थेट कॅमेराच. तिघांत फक्त चेंबरला ब फुटला.

हाच खेळ ओठांच्या ऐवजी जिभेने केला तर न आणि र च्या मधे द किंवा ड येतो. जुन्या इंग्रजीत मेघगर्जनेला 'थुनोर', आता 'थंडर'. गंमत म्हणजे गुरुवार हा त्याच थुनोर देवाचा वार, पण थर्सडेमध्ये ड नाही, तो शब्द वेगळ्या वाटेने झिजला आणि ड येण्याआधीचा पुरावा जपून राहिला. आणि ग्रीकमध्ये पुरुष म्हणजे 'अनेर', त्याची षष्ठी 'अन्रोस' व्हायची ती झाली 'अँड्रोस'. ड काढून टाका, उरतं 'अन्र', आणि शेजारी आपला नृ, नर. झाला की नाही अँड्रॉइड नात्यातला? आणि हे नातं दिसण्यावरून नाही ठरवलेलं, डझनावारी शब्दांत तोच नियम तसाच लागतो म्हणून ठरवलंय. फॉरवर्डवाल्या व्युत्पत्तीत आणि याच्यात फरक तो एवढाच.

आता तुम्ही म्हणाल हे सगळं साहेबांच्या तोंडात होतं, आमचं काय. तर संस्कृत 'आम्र' म्हणून बघा. म आणि र. मधे काय घुसणार? ब. आम्र, मग प्राकृतात अंब, मग आंबा. दरवर्षी एप्रिल-मेमध्ये आपण ज्याच्यासाठी जीव टाकतो त्या आंब्यातला ब हा बिनतिकिटाचाच आहे, गोव्यातल्या आंब्यातलासुद्धा. ताम्र, मग तंब, मग तांबं, तांबडा रस्सा. आणि अगदी एक्झेम्प्लुमसारखाच म-ल चा जोड हवा असेल तर 'अम्ल' घ्या. अम्ल, पालीत अंबिल, आपल्याकडे आंबील, आणि त्याच घरातलं आंबट. खेड्यात वानराला वांदर म्हणतात, हिंदीत बंदर, तो न-र वाला द. जुन्या वैयाकरणांनी याला नाव पण देऊन ठेवलंय, वर्णागम, म्हणजे नवा वर्ण येऊन बसणे. ते रोमन लोकांना भेटायला गेले नव्हते आणि रोमन लोक कोकणात आंबे खायला आले नव्हते. तोंड सगळ्यांचं एकाच मेकचं आहे.

मी हे सगळं टेबलावर हात आपटून सांगत होतो आणि भाची शेव निवडून खात होती. ती म्हणाली, प कळला, पण 'एन' कुठून आला आणि कुठे गेला ते सांग.

१०६६ मध्ये नॉर्मन फ्रेंच लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची दोन-तीनशे वर्षं दरबार, कोर्ट दोन्हीकडे फ्रेंच. लॅटिन एक्झेम्प्लुम फ्रेंच तोंडात झिजून 'एसाम्प्ल' झालं होतं, इंग्लंडातल्या फ्रेंचांनी त्याची सुरुवात 'एन्' अशी केली, एन्साम्प्ल. इंग्रजांचे स्वतःचे शब्द नव्हते असं नाही. 'बिस्न' होता, त्याचा 'फोरबिस्ने' तर तेराव्या शतकात सुद्धा दिसतो, आणि 'बीस्पेल' होता, म्हणजे जोडीला सांगितलेली गोष्ट. जर्मनमध्ये आजही उदाहरणाला 'बाइश्पील' म्हणतात तो याचाच भाऊ, आणि 'गॉस्पेल'मधला स्पेल पण तोच, चांगली वार्ता. पण साहेबाच्या पण साहेबाची भाषा आली की घरचे शब्द माळ्यावर जातात, ते गेले.

आणि मुंडकं उडालं ते असं. सुरुवातीचा स्वर, कधी अख्खं अक्षर, बोलताना जोर नसला की गळून पडतो. एस्टेटचं स्टेट, डिफेन्सचं फेन्स, डिस्पोर्टचं स्पोर्ट, हिस्टरीच्या फ्रेंच रूपातून स्टोरी. तसंच एसाम्प्लचं साम्पल, साधारण १३०० च्या आसपास. आपल्याकडे काय कमी उदाहरणं आहेत, अरण्यचं रान झालं, अरघट्टचा रहाट झाला, उपाध्यायांचे पाध्ये झाले. तर एकाच वेळी बाजारात तीन भावंडं फिरत होती, एन्सॅम्पल, सॅम्पल आणि लॅटिनकडे तोंड केलेलं एक्झाम्पल.

अर्थाच्या बाबतीत हा शब्द तेव्हा आजच्यापेक्षा खूप ऐसपैस होता. आज उदाहरण म्हणजे मुद्द्याच्या शेपटीला बांधलेलं शेपूट, 'उदा.' लिहिलं आणि दोन शब्द टाकले की झालं. मध्ययुगातलं एन्सॅम्पल म्हणजे मुख्यतः गोष्ट. चर्चच्या १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने लोकांना प्रवचनं देण्यावर भर दिला, डॉमिनिकन आणि फ्रान्सिस्कन साधू गावोगाव हिंडायला लागले, आणि नुसता उपदेश ऐकायला कोण उभं राहतंय, म्हणून मग दर दोन मुद्द्यांनंतर एक दृष्टांत. अशा गोष्टींचे तयार संग्रहच असायचे, प्रवचनकाराने उघडायचे आणि लोभाखाली लोभाची, आळसाखाली आळसाची गोष्ट काढायची. आपल्याकडे त्याच तेराव्या शतकात चक्रधरस्वामी लोकांच्या भाषेत दृष्टांत देत होते, ते पुढे केसोबासांनी दृष्टांतपाठात एकत्र केले. उपदेश गोष्टीत गुंडाळल्याशिवाय गळी उतरत नाही हे दोन्हीकडे एकदमच कळलेलं दिसतं.

चॉसरच्या कँटरबरी टेल्स या गोष्टींच्या पुस्तकात माफीपत्रं विकणारा एक भामटा आहे, तो स्वतःच कबूल करतो की मी लोकांना भरपूर 'एन्सॅम्पल्स' सांगतो, जुन्यापुराण्या गोष्टी, कारण 'ल्यूड' लोकांना गोष्टी आवडतात आणि त्या लक्षातही राहतात. यातला 'ल्यूड' म्हणजे नुसता न शिकलेला, सामान्य माणूस बरं का, त्याचा अर्थ अश्लील हा नंतर झाला, सामान्य माणसाची केवढी बदनामी! (यातला 'बद' वर आला तोच.) आणि हा भामटा जी गोष्ट सांगतो ती तीन दारुड्यांची, मृत्यूला मारायला निघतात, झाडाखाली सोन्याची रास सापडते, वाटणीसाठी एकमेकांना मारतात, उरलेले दोघे विष घातलेली दारू पिऊन मरतात. आता पाली जातककथांतलं वेदब्भ जातक काढा. आकाशातून पडलेलं धन, त्यासाठी आपसात कापाकापी करणारे दरोडेखोर, शेवटी दोनच उरतात, एक भातात विष कालवतो, दुसरा तलवार घेऊन वाट बघत बसतो, तो पहिल्याला मारतो आणि भात खाऊन स्वतः मरतो. चॉसरच्या गोष्टीचं सगळ्यात जुनं रूप अभ्यासक या जातकात बघतात. म्हणजे शब्द इथून तिकडे गेला नाही, गोष्ट गेली! गर्वच करायचा असेल तर मग इथे करा, निदान पाय ठेवायला जागा आहे.

दुसरा अर्थ, वागण्याचा नमुना. चॉसरचा गरीब पाद्री आपल्या मेंढरांना 'एन्सॅम्पल' देतो म्हणजे काय करतो, तर आधी स्वतः करतो आणि मग शिकवतो. शब्दशः तसंच लिहिलंय. आधी केले मग सांगितले, अगदी आपलंच. तिसरा अर्थ, इतरांना जरब बसावी म्हणून एकाला दिलेली शिक्षा. हा एक्झाम्पलकडे आजही आहे, मास्तर वर्गातल्या एकालाच उभं करतात तो.

मग एवढा भरलेला शब्द मेला कसा? इथे भाचीची पेन्सिल येते. चौदाव्या शतकापासून आणि पुढे छापखाने आल्यावर तर जास्तच, लॅटिन शिकलेल्या मंडळींना फ्रेंचने झिजवलेले शब्द अशुद्ध वाटायला लागले. त्यांनी 'डेट'मध्ये, म्हणजे कर्जात, न उच्चारला जाणारा ब घुसवला कारण लॅटिनमध्ये होता. 'डाउट'चं तेच केलं. 'पारफिट'चं परफेक्ट केलं. आणि 'एन्सॅम्पल' दिसलं की पेन्सिलीने एक्झाम्पल! आपल्या भाषेत सांगायचं तर तद्भव काढून तत्सम बसवला. अशा वेळी कधी दोघंही टिकतात, पण कामं वाटून घेतात. क्षेत्र आणि शेत बघा. क्षेत्र म्हणलं की काशी, पंढरपूर, नाहीतर 'आयटी क्षेत्र', आणि शेत म्हणजे जिथे चिखल असतो ते. एक्झाम्पल झालं क्षेत्र, सॅम्पल झालं शेत. एन्सॅम्पलला वाटणीत काही आलं नाही. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये त्याची धुगधुगी दिसते, करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात सहाव्या ओवीत 'एक्झाम्पल्स' आहे आणि अकराव्या ओवीत 'एन्सॅम्पल्स', पाच ओव्यांच्या अंतरात दोन्ही. त्यानंतर तो जुन्या ढंगाचं काही लिहायचं असेल तेवढ्यापुरता उरला.

सॅम्पल मात्र कामाला लागलं. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला ते व्यापाऱ्यांच्या हातात गेलं, मालाचा थोडासा नमुना. आपल्याकडे उलटी वाहतूक झाली हे फार मजेशीर आहे, वानगी हा बाजारातला शब्द, मूठभर धान्य हातावर घेऊन दाखवतात ती वानगी, आणि आपण निबंधात लिहितो 'वानगीदाखल'. त्यांच्याकडे गोष्ट बाजारात गेली, आपल्याकडे बाजार निबंधात आला. एकोणिसाव्या शतकात मग शास्त्रज्ञांनी सॅम्पल उचललं, आणि आता तर त्याचं अख्खं गणित आहे. त्यात सातारा जिल्ह्यातले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचं नाव जगभर घेतात. पीक किती येणार याचा अंदाज काढायला शेताचा केवढा तुकडा कापून बघायचा यावरून त्यांचा आणि दुसरे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांचा चांगलाच वाद होता. सुखात्म्यांचं म्हणणं, तुकडा फार लहान घेतला तर कडेवरची रोपं आत मोजली जातात आणि पीक फुगून दिसतं. शितावरून भाताची परीक्षा ठीक आहे, पण शीत भांड्याच्या काठावरचं नको.

चौथं एक भावंड राहिलंच, सॅम्प्लर. कापडाच्या तुकड्यावर सगळ्या प्रकारचे टाके, नक्षी, अक्षरं भरून ठेवायची, नंतर बघून काढता यावी म्हणून. आपल्या कित्त्याचं सुई-दोऱ्यातलं रूप. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जेन बोस्टॉक नावाच्या बाईचा १५९८ साल भरलेला सॅम्प्लर आहे, साल भरलेल्या ब्रिटिश सॅम्प्लरांत सगळ्यात जुना. त्यावर एका मुलीच्या जन्माची नोंदसुद्धा टाक्यांनी भरलीये. म्हणजे फडक्यावर शब्दाचे निम्मे अर्थ एकदम, बघून गिरवायचा कित्ता पण आणि बाहेर काढून ठेवलेला नमुना पण.

एव्हाना तिसरी वाटी झाली होती. भाचीचे डोळे लाल, नाक वाहतंय, टिश्यू संपले. मी म्हणलं, ती पेन्सिलची खूण खोडून टाक बरं का. ती म्हणाली, खोडते, पण तुझं ते नाक धरायचं प्रात्यक्षिक परत लोकांसमोर करू नकोस, शेजारच्या टेबलावरचे बघत होते. मग नाक खस्सकन शिंकरलं आणि म्हणाली, "मामा, बिल तू देतोयस ना?"

'म' अगदी स्वच्छ होता. दोन्ही.